पुसलेल्या पत्र्यावर हात

राजाराम परबला माणसं आवडत नसत, असं कोणी म्हणू नये. अडलीनडली, नोकरी सुटलेली, पोरगं मॅट्रिकला गटांगळी खाल्लेली माणसं त्याला मनापासून आवडत. त्यांच्यासाठी तो चाळीचे जिने खालीवर करायचा, इस्पितळात डबे पोचवायचा, मयताला खांदा द्यायला सगळ्यांत पुढे असायचा. त्याला खुपायची ती फक्त बरं चाललेली माणसं. शेजारच्या बिऱ्हाडात रेडिओ आला, तर महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "खरखर फार आहे हो त्याला." समोरच्या बकुळावहिनींच्या हातची तिसऱ्या शिंपल्यांची आमटी बायकोने एकदा वाखाणली, तेव्हापासून त्याने घरात तिसऱ्याच आणू दिल्या नाहीत. लालबागच्या त्या चाळीत हा स्वभाव सगळ्यांना पाठ होता आणि त्याचं कोणाला फारसं वाईटही वाटत नसे.

कारखान्यात मात्र त्याला असं जळायची वेळ कधी आली नव्हती, कारण रंगकामात त्याच्याहून बरा माणूस त्याच्यासमोर कधी उभाच राहिला नव्हता.

चिंचपोकळीच्या पुलापलीकडे लोखंडी कपाटांचा एक कारखाना होता. तिथल्या रंगखात्याचा राजाराम हेड मिस्त्री. तरुणपणी तो पत्रा कापायच्या प्रेसवर होता. तिथे उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं आणि मालकाने त्याला रंगखात्यात टाकलं. तिथे त्याने नाव काढलं. त्याने रंगवलेलं कपाट हातगाडीवर आपटो, ओल्या भिंतीला लागून उभं राहो, त्याचा पोपडा म्हणून निघत नसे. "रंग आपण मारत नाही रे," तो नव्या माणसांना सांगायचा, "आपण पत्रा साफ करतो. रंग आपला आपण बसतो." कारखान्यात येणाऱ्या पत्र्याला तेल असायचं, कुठे गंज असायचा. ते घासलेटने धुवायचं, पॉलिश पेपरने घासायचं, शेवटी थिनरच्या कोऱ्या फडक्याने पुसायचं आणि मग तांबड्या अस्तराचा पहिला हात द्यायचा. शेवटचं पुसणं झाल्यावर आणि अस्तर चढायच्या आधी पत्र्याला कोणी उघडा हात लावायचा नाही, हा राजारामचा कायदा. कोणी चुकून बोट टेकवलंच तर तो ब्रशच्या दांड्याने मनगटावर फटका द्यायचा. "बोटाला घाम असतो, घामात तेल असतं. तिथे रंग नुसता वरवर बसतो. मग एक दिवस पापुद्रा सुटतो आणि गिऱ्हाईक आपल्या आईबापाचा उद्धार करतं."

घासलेटाने आणि थिनरने त्याचे स्वतःचे तळवे भेगाळलेले असायचे. त्याची बायको कांता मालवणकडची. तिच्या माहेराहून दर उन्हाळ्यात कोकमाच्या बियांच्या तेलाचे घट्ट पांढरे गोळे यायचे. थंडी पडली की रोज सकाळी ती त्यातला एक गोळा शेगडीजवळ धरून मऊ करायची आणि नवऱ्याच्या तळव्यांना चोळायची. तेवढी पाच-दहा मिनिटं राजाराम पोरासारखा हात पुढे करून गप्प बसायचा. तेल मुरलं, हात कोरडे दिसायला लागले, की सदरा चढवून कामाला.

दौलत तांबे रंगखात्यात आला ते अठ्ठावन्न साल. मुंबई अजून द्वैभाषिकात अडकलेली होती आणि गिरणगावात दर चार दिवसांनी कुठे ना कुठे संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा असायची. दौलत डिलाईल रोडच्या चाळीतला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरादाराने, सगळ्या चाळीनेच म्हणा ना, बौद्ध धर्म घेतला होता. त्याआधी तो एका गिरणीत यंत्रांना रंग द्यायचा. अंगाने सडसडीत, बोलायला मोकळा, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा.

राजाराम स्वतःला जुन्या वळणाचा समजत नसे. समितीच्या मोर्च्यात तो दौलतच्या खांद्याला खांदा लावून चालला होता, लाठीमाराच्या वेळी दोघं एकाच दुकानाच्या फळीखाली घुसले होते. मग भेदभाव कसला? पण दौलत आल्यापासून राजाराम खात्यातल्या माठातलं पाणी पीत नसे. घरून बाटली भरून आणायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, माठाच्या पाण्याला थिनरचा वास येतो. माठ तिथे कित्येक वर्षं होता आणि थिनरही.

तरी खरं दुखणं ते नव्हतं. खरं दुखणं हे, की दौलतला काम येत होतं.

आधी ते राजारामला कळलं नाही. मग एकदा सुपरवायझर कोठारेसाहेब खात्यातून चालले होते. अच्युत कोठारे म्हणजे मूळचे गिरगावातले, जुन्या घरंदाज प्रभूंच्या वाडीतले, आता शिवाजी पार्कला राहणारे. कधी कोणाला वाईट बोलायचे नाहीत आणि कधी कोणाची तारीफही करायचे नाहीत. ते दौलतने रंगवलेल्या कपाटाच्या दारापाशी थांबले, चष्मा काढून परत घातला आणि म्हणाले, "वा!"

एवढंच. पण राजारामला आपल्या सबंध नोकरीत कोठारेसाहेबांकडून 'वा' मिळाला नव्हता. 'ठीक आहे, परब' मिळालं होतं, 'चालेल' मिळालं होतं. त्या दिवशी त्याला डबा गेला नाही. कांताने सुरमईचा तुकडा दिला होता, तो त्याने बाबुरावला देऊन टाकला. बाबुराव हा खात्यातला सगळ्यांत जुना घासकाम करणारा आणि राजारामचा गाववाला.

"काय झाला रे?" बाबुरावने विचारलं.

"पित्त," राजाराम म्हणाला.

मग ते पित्त वाढतच गेलं. शिवाजी पार्कच्या सभेत दौलतने घोषणा दिली, तर मागची माणसं माना उंचावून बघायला लागली, हा आवाज कोणाचा म्हणून. राजारामने त्याच्यापेक्षा मोठ्याने द्यायला जाऊन घसा बसवून घेतला. हिंदमाताच्या बाजारात दौलत बायकोसाठी, मालनसाठी, पातळ घेत होता, मालनने पसंत केलेला रंग दुकानदारानेही वाखाणला, हे दौलतने हसत हसत खात्यात सांगितलं, तर राजारामला तेही बोचलं. नवरा-बायको दोघंही रंगात डोळस असावीत तरी किती! घरी आल्यावर तो कांतावर उखडला, की तुला एक धड पातळ निवडता येत नाही.

त्यातच बातमी फुटली, की मालक शिवडीला दुसरी शेड काढतोय. तिथे हेड मिस्त्री लागणार. दौलत अजून कायम झाला नव्हता, पण कोठारेसाहेबांच्या मनात तोच आहे, असं हापिसातला शिपाई बोलला. म्हणजे काल आलेला माणूस उद्या राजारामच्या बरोबरीला बसणार होता. हे आपल्याला सहन होणार नाही, हे राजारामला स्वच्छ कळत होतं. त्याला दौलत नको होता. शिवडीला नको, चिंचपोकळीला नको, कुठल्याच रंगाच्या डब्याजवळ नको.

मग त्याने दौलतच्या कामात खोट शोधायला सुरुवात केली. दौलत दार पुसून, टांगून, अस्तर गाळायला कोपऱ्यात गेला, की राजाराम दाराशी जायचा. उजेडाच्या तिरपेने बघायचा. गंजाचा ठिपका नाही, पेपरचा ओरखडा नाही, घासलेटाचा ओघळ नाही. डोळ्यांना काही सापडेना, तेव्हा त्याने हात लावला. दाराच्या मधोमध वरून खाली तळवा फिरवला, निदान एखादा कण तरी हाताला लागावा म्हणून. लागला नाही. मग चडफडत त्याने वरच्या कोपऱ्यावर पंजा टेकवला, म्हणजे पास, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग रोजच. आपणच केलेला कायदा आपण मोडतोय, हे त्याच्या मनातही आलं नाही. कायदा हाताखालच्या माणसांसाठी होता. स्वतःच्या दारांना तो असा कधी हात लावत नसे, कारण स्वतःच्या कामात त्याला काही शोधायचं नव्हतं.

पुढे परळच्या एका इस्पितळाची मोठी ऑर्डर आली. पांढरी कपाटं, औषधं ठेवायला. निम्मी राजारामने रंगवली, निम्मी दौलतने. पहिली गाडी गेली आणि थोड्याच दिवसांत इस्पितळाचा माणूस हातात पांढरे पापुद्रे घेऊन कोठारेसाहेबांसमोर उभा राहिला. तिथे रोज कपाटं ओल्या फडक्याने पुसत होते. पुसता पुसता रंग फडक्याबरोबर निघून आला.

कोठारेसाहेबांनी कपाटं परत आणवली. खात्याच्या मधोमध उभी केली. ब्लेडने रंगावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि खसकन ओढली. राजारामच्या दारावरची पट्टी कोरी आली. दौलतच्या दाराची पट्टी आली ती रंगाचे चौकोन घेऊन. दुसऱ्या दाराचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

राजारामच्या छातीत काहीतरी हललं, आणि खोटं कशाला बोला, तो आनंद होता. उघडा, निर्लज्ज आनंद. तो लपवायला त्याला मान खाली घालावी लागली.

"दौलत, हे काय?" कोठारेसाहेब म्हणाले.

दौलतचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बघतो साहेब. शोधून काढतो."

"आठवडाभर बघ. पुढच्या शनिवारी मला कारण हवं. नाहीतर मालकांना काय सांगू मी?"

साहेब गेले. बाबुराव हातातला पॉलिश पेपर झटकत, पुरेसं ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "शेवटी हाताचो गुण असता. काही हातांका रंगच धरणा नाय."

सगळ्या खात्याला त्याचा अर्थ कळला. दौलतलाही कळला. त्याचे हात जागच्या जागी थांबले, मग पुन्हा चालू झाले. राजारामने बाबुरावला झापायला हवं होतं. इतका मोर्च्याबिर्च्यात जाणारा माणूस, त्याने एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला नाही, कारण ते वाक्य त्याला गोड लागलं होतं.

दौलत कामाला लागला. त्याने अस्तराचा डबा बदलला. रंग फवारायच्या गनला हवा देणाऱ्या टाकीतलं साचलेलं पाणी रोज सोडायला लागला. रंग भाजायची भट्टी जास्त तापते का, म्हणून भट्टीवाल्याच्या मागे लागून दारं पुढेमागे लावून पाहिली. पण रंगवलेलं दार थंड करून ब्लेड मारलं, की पोपडे निघायचेच. शेवटी त्याने जे करायला राजाराम कधीच धजला नसता ते केलं. ज्याला आपण खुपतो, त्याच्याकडेच तो विचारायला गेला.

"मिस्त्री, तुम्ही सांगा. माझं डोकं चालेनासं झालंय."

राजारामने निघालेला पापुद्रा हातात घेतला, उलटा केला, उजेडाला धरला. एवढं मात्र त्याला करावंच लागलं. कोणी कामाचं विचारलं, की खोटं सांगणं त्याच्या जिभेला जमत नसे. "हे बघ. पाठीला गंज चिकटून आला असता तर गंज राहिला म्हटलं असतं. अस्तर पत्र्यावर राहून वरचा पांढरा सुटला असता तर भट्टीचं काहीतरी. हा अस्तरासकट आलाय, पाठ चकचकीत आणि खाली पत्रा नागडा. हे तेल आहे, दुसरं काही नाही. पत्र्यावर तेल राहतंय."

"पण मी पुसतो ना मिस्त्री! तुम्ही शिकवलंत तसंच पुसतो."

"मग तुझ्या हातून ते निघत नाही," राजाराम म्हणाला. निदान अगदी बरोबर होतं. फक्त माणूस चुकला होता.

दौलतने ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो डोक्याला तेल न लावता आला, केस पिंजारलेले. धुण्याच्या सोड्याने हात कोपरापर्यंत खरवडून धुवायचा, इतके की ते लाल होऊन फुटायला लागले. मालनने घरातलं खोबरेल शेजारणीकडे नेऊन ठेवलं, पुसायची फडकी स्वतः उकळून दिली. खात्यात काहीजण हसले. राजारामही हसला, पण ते लाल हात बघून त्याला थोडं कसंतरी झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आता तरी ह्याने हात टेकावेत, असं वाटत असताना तो टेकत नव्हता. एवढा चिवटपणा आपल्यात होता का कधी, हा विचार त्याला आला आणि त्याचं त्यालाच झोंबलं.

दारांना हात फिरवणं चालूच होतं. आता तर जास्तच.

शुक्रवारी दुपारी सगळे चहाला गेले. राजाराम इराण्याच्या दारातून परत फिरला, विड्या विसरला म्हणून. खात्यात दौलत एकटाच होता. टांगलेल्या दारावर तो डब्याने पाणी ओतत होता. नुसतं साधं पाणी.

"काय चाललंय?" राजारामने विचारलं.

"साफ पत्र्यावर पाणी सगळीकडे सारखं पसरून राहतं, मिस्त्री. जिथे तेल असेल तिथून पळतं. आमची आई ताटं अशीच बघायची, तूप निघालं का म्हणून." दौलतने वळून न बघता सांगितलं. त्याचा आवाज बदललेला होता. "सकाळी पुसल्या पुसल्या ह्याच दारावर ओतून पाहिलं. कुठेही फाटलं नाही. मग वाळवून पुन्हा पुसलं, तुम्ही बघून गेलात, आणि आता हे."

राजाराम पुढे झाला. दाराच्या मधोमध पाण्याचा पडदा वरून खाली फाटला होता, एक रुंद पट्टा कोरडा पडला होता. आणि वरच्या कोपऱ्यात पाणी मागे सरून एका पंजाभोवती उभं राहिलं होतं. तळवा, अंगठा, बोटं. मधलं बोट आखूड.

राजारामने नकळत उजवा हात पाठीमागे घेतला. सकाळी कांताने चोळलेलं कोकमतेल त्याला आठवलं. मुरलं, मुरलं म्हणत होतो ते. ते मुरलेलं नव्हतं. रोज ते त्याच्या तळव्यावरून ह्या माणसाच्या दारांवर येत होतं.

मग राजाराम म्हणाला, "तू मला हात लावताना पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं होतं. रोज बघत होतो. पण मिस्त्रीच्या हाताने काही बिघडेल, हे डोक्यातच आलं नाही. म्हटलं, माझ्याच हातात काही असेल. सगळे म्हणतायत तर असेल." दौलत आता त्याच्याकडे बघत होता. "हे मात्र मला समजत नाही. कायदा तुमचा. माझ्याच दारांना का हात लावलात?"

राजारामने पाठीमागचा हात सदऱ्याला पुसला.

"सांगायचं असेल तर उद्या सांग साहेबांना," तो म्हणाला.

दौलत हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "मी? मी नाव घेतलं तर काय म्हणतील ठाऊक आहे? दौलतने आपली खोट मिस्त्रीच्या अंगावर ढकलली. पाण्यात पंजा दाखवला, तर म्हणतील ह्यानेच काहीतरी केलं. माझ्या तोंडून ते खरं ठरणार नाही, मिस्त्री. तुमच्याच तोंडून ठरेल." त्याने घासलेटाचं फडकं उचललं आणि तो पंजा आणि मधला पट्टा पुसून टाकला. मग पुन्हा थिनरने पुसून, वाळवून, त्यावर अस्तर मारायला घेतलं. राजाराम तिथेच उभा राहून बघत होता. गनचा हात सरळ रेषेत जात होता, येत होता, कुठे जाड नाही की पातळ नाही. इतक्या वाईट वेळीसुद्धा राजारामला त्या हाताचा हेवा वाटला.

शनिवारी सकाळी कांता गोळा घेऊन बसली. "हात फुडे करा बघू."

"आज नको गो."

"भेगा बघा केवढ्यो!"

"नको म्हटलं ना!" तो ओरडला आणि लगेच मऊ झाला. "तेल नको. आज साफ हात हवाय मला." असं बोलून गेला, आणि दार ओलांडता ओलांडता थबकला. साफ हाताने काय सिद्ध होणार होतं? तो परत आला, मुकाट्याने बसला आणि दोन्ही हात बायकोपुढे केले. कांताला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलंय.

खातं जमलं. बोलायचं की नाही, हे राजारामचं अजून ठरलं नव्हतं. कोठारेसाहेबांनी दौलतचं आदल्या दिवशीचं दार तपासलं. पट्टी कोरी आली. साहेब म्हणाले, "हे एक बरं निघालं. बाकीच्यांचं काय? कारण काय होतं, दौलत?"

"तेल होतं, साहेब. आता राहणार नाही."

"आलं कुठून?"

साहेबांनी वाट पाहिली. बाबुराव छपराकडे बघत उभा होता.

"हे बघ, कारण कळल्याशिवाय मी पुढची ऑर्डर तुझ्या हातात देऊ शकत नाही," साहेब वाईट वाटल्यासारखं म्हणाले. "आजपासून तू येऊ नकोस. हिशोब पुरा करून देतील."

दौलतने मान हलवली. राजारामकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आणि तेच राजारामला सोसलं नाही. हा माणूस आता जाईल. मान वर करून जाईल. आणि मी जन्मभर हेड मिस्त्री राहीन आणि मला ठाऊक असेल, की कामात हा माझ्यापेक्षा बरा होता, आवाजात बरा होता, आणि शेवटी चांगुलपणातही मला मागे टाकून गेला. बाकी सगळं सोडलं असतं, पण हे शेवटचं त्याला आपण घेऊ द्यायचं नाही, असं राजारामच्या आतून काहीतरी ओरडलं. पुण्याईने नव्हे, मत्सरानेच तो पुढे झाला. खोटं कशाला सांगा.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. त्याने पुसून टांगलेलं एक कोरं दार पुढे ओढलं, सगळ्यांदेखत उजवा तळवा मधोमध वरून खाली फिरवला आणि कोपऱ्यावर पंजा टेकवला. "दौलत, पाणी ओत."

दौलत जागचा हलला नाही.

"अरे, ओत म्हणतो ना!"

दौलतने माठातलं पाणी डब्यात घेतलं आणि ओतलं. पाणी पसरलं, फाटलं, आणि कोपऱ्यात तो पंजा उभा राहिला, आखूड बोटाचा. खात्यात तसं बोट दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

"कोकमतेल आहे," राजाराम म्हणाला. "मी रोज ह्याच्या दारांना हात लावत होतो. पुसून झाल्यावर. फक्त ह्याच्याच."

"का, परब?" कोठारेसाहेबांनी विचारलं.

"जळत होतो, साहेब. ह्याचं काम माझ्यापेक्षा बरं आहे म्हणून." मग तो बाबुरावकडे वळला. "हाताचो गुण म्हणत होतस ना? बघ. ह्यो माझो हात." बाबुरावने मान खाली घातली.

इस्पितळाची ती सगळी दारं खरवडून पुन्हा रंगवायचं काम राजारामने अंगावर घेतलं. बाबुराव न सांगता त्याच्या शेजारी घासायला बसला. दौलत कायम झाला आणि शिवडीची शेड उघडली तेव्हा हेड मिस्त्री म्हणून तिथे गेला. निरोपाच्या दिवशी राजाराम खात्यात होता, पण भट्टीमागे. त्याला हारतुरे बघवले नाहीत. माणसाचा स्वभाव एका डबाभर पाण्याने धुऊन निघतो, असं ज्याला वाटतं त्याने राजारामला बघायला हवं होतं.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. गिरणगावात दिवे लागले, पेढे वाटले. त्या गडबडीतच एक दिवस राजाराम शिवडीला गेला. का गेला, हे त्याने कांतालाही सांगितलं नाही. शेडमध्ये पांढरी दारं रांगेने टांगलेली होती. प्रत्येक दारावर अस्तराआधी एक माणूस डब्याने पाणी ओतून बघत होता. राजाराम दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून रांगेतून चालला. तिरपेने बघितलं, वाकून बघितलं, शेवटच्या दारापर्यंत बघितलं. एक कण सापडला नाही.

"काही खोट, मिस्त्री?" दौलत मागून म्हणाला. सोड्याने धुऊन धुऊन त्याचे हात अजून तसेच लाल होते, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या.

"नाही," राजाराम म्हणाला. मग त्याने खिशातून फडक्यात बांधलेला पांढरा गोळा काढला आणि दौलतच्या हातावर ठेवला. "तुझ्या कांतावहिनीने दिलाय म्हण. रात्री लाव. सकाळी नको."

दौलतने गोळ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. माठाकडे हात करून म्हणाला, "बसा जरा. पाणी घेता?"

राजारामच्या पिशवीत घरून भरून आणलेली बाटली होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि माठातल्या पाण्यासाठी हात पुढे केला.